तिसऱ्या नळीचा रंग

न्खाटा बे
९ जून १९९७

वेझी,

मी बरा आहे, तू बरी असशील तर. आपल्याकडे पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहिलं. खरं काय ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

खुम्बोला माती दिली त्या दिवशी मला तुझ्याशी दोन शब्द बोलायचे होते. पण सासरा आणि सून समोरासमोर उभे राहून बोलले तर आपल्या माणसांना आभाळ कोसळल्यासारखं वाटतं. मी ओट्यावर आलो की तू आत जाणार, तू अंगणात आलीस की मी आंब्याच्या झाडाकडे तोंड करणार. एवढी वर्षं माझ्या मुलाची, खुम्बोची, बायको आहेस, पण तुझा आवाज मला नीट माहीत नाही. पत्राला मात्र मनाई नाही. आपल्या जुन्या लोकांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्यावर बंदी घालायची राहून गेली असावी.

आता कामाचं. इथलं शोभेच्या माशांचं गोदाम बंद होतंय. मालक आपल्या देशी चाललाय, सप्टेंबरच्या सुरुवातीला ट्रक येऊन सगळं घेऊन जाईल. सिमेंटचे हौद रिकामे झाले, एकच भरलेला आहे. त्यात खुम्बोनं त्या शेवटच्या दिवशी तळ्यात बुडी मारून खालून आणलेले मासे आहेत. बोटीतून उतरून त्यानं पिंप माझ्या हातात दिलं, खांदा दुखतोय म्हणाला आणि चहा मागितला. खोलातून घाईनं वर येणाऱ्याच्या रक्तात बुडबुडे होतात ते, आणि पुढचं, तुला सांगितलेलं आहे. मालकानं ते मासे विकायला काढले नाहीत. 'वायसन, हे तुझे,' म्हणाला.

आता माझे म्हणजे मी करू काय? ते ज्या खडकावरचे, तिथं जायला बोट लागते आणि बोट विकली. इथं धक्क्यापाशी सोडले तर इथले मासे त्यांचे लचके तोडतील. हे म्बुना, खडकावरचे मासे, म्हणजे आपल्या भावकीसारखेच, वीतभर जागेसाठी जिवावर उठतात. तळून खावेत तर नुसते काटे.

तुझ्याकडे काचेची टाकी आहे. खुम्बोनं नाताळात आणली होती. तू तिच्यात शाळेच्या पाट्या ठेवतेस असं माझी बहीण सांगत होती. ती रिकामी कर आणि साध्या पाण्यानं धू. साबण लावू नकोस. तळ्याची वाळू आणि थोडे दगड बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, ते आत घाल. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून मग ओत. पंप सुरू कर आणि चिमूटभर सुका उसिपा, ती बारीक मासळी, टाक. तो कुजू दे. माशांची घाण खाणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते आधी वसले पाहिजेत, मासे नंतर.

खुम्बोची पाणी तपासायची पेटी तुझ्याकडे असेल. पहिल्या नळीत अमोनिया दिसतो. ती हिरवी होईल आणि पुन्हा पिवळी होईल. तेव्हा दुसरी, नायट्राइटची, जांभळी होईल आणि पुन्हा फिकी पडेल. मग तिसरी, नायट्रेटची, लाल होऊ लागेल. पहिल्या दोन शांत आणि तिसरी लाल, म्हणजे पाणी तयार. शिवाय पीएचची नळी आहे, आणि पाणी किती जड ते थेंब मोजून बघायची एक आहे.

तुला नको असेल तर तसं लिही. मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण इतक्या लांबून त्याचा तुला काय त्रास?

वायसन म्होने


झोम्बा
२२ जून

बाबा,

मी बरी आहे, तुम्ही बरे असाल तर.

वाळू मिळाली. पाट्या काढल्या. टाकी धुतली, भरली, पंप लावला. उसिपा टाकला. त्याचा वास येतो. शेजारच्या मिसेस गोंडवे विचारायला आल्या की मासे नाहीत तर पंप कशाला चालतो. मी म्हटलं, सासऱ्यांनी सांगितलंय. त्यांना ते पुरलं.

इथलं पाणी डोंगरावरून येतं. किटलीत कधी खरवड बसत नाही आणि हाताचा साबण जाता जात नाही. पीएच साडेसहा आला. जडपणाच्या नळीचा रंग पहिल्याच थेंबाला बदलला. पहिली नळी हिरवी आहे. दुसरी आणि तिसरी फिकी.

शाळा सुरू आहे. मला पाचवीचा वर्ग दिला आहे. मी जेवते आणि झोपते. सगळे हेच विचारतात म्हणून लिहिलं.

खुम्बोचे बूट अजून दारात आहेत. ते उचलायचे की नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही.

वेझी


न्खाटा बे
३ जुलै

वेझी,

मी बरा आहे, तू बरी असशील तर.

बूट असू देत. इथं तीन चुलतभाऊ त्या बुटांची चौकशी करून गेले. तिघांनाही मी सांगितलं की बूट तळ्यात बुडाले. मेलेल्या माणसाचे बूट मागायला येताना एकाच्याही पायाला कापरं भरलं नाही.

पहिल्या थेंबाला रंग बदलला? बाई, ते पाणी नव्हे, दव आहे. आपल्या तळ्याचं पाणी जड. डोंगर धुऊन आलेलं, शिंपल्यांवरून शतकानुशतकं फिरलेलं. त्यात वाढलेल्या माशांना तुझ्या त्या दवात सोडलं तर गुदमरल्यासारखे तोंड वासून पडतील. म्हणून शिंपले पाठवतोय, पोतंभर. माझ्या हातांनी कुटलेत, बोटं सोलली. ते जुन्या मोज्यात भरून पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेव. हळूहळू विरघळतील, पाण्यात ताकद येईल.

मासे बरे आहेत. सगळे निळे, अंगावर काळे पट्टे, पण स्वभाव एकाचा एकाला नाही. एक मोठा आहे, त्यानं हौदाचा एक कोपरा बळकावलाय आणि बाकीच्यांनी तिकडे पाहिलं तरी त्याला खपत नाही. आपल्या गावचा मुखिया आठवतो.

तुझी सासू विचारतेय तू जेवतेस का. मी सांगितलं, लिहिलंय तिनं की जेवते. ती म्हणाली, लिहिलेलं कुणी चावून बघतं का?

वायसन म्होने


झोम्बा
२७ जुलै

बाबा,

मी बरी आहे, तुम्ही बरे असाल तर.

पहिली नळी अजून हिरवीच आहे. रोज बघते, रोज तेवढीच हिरवी. दुसरीला रंग नाही. पीएच साडेसहावरून उतरत उतरत सहावर आला. कार्डावर त्याच्या खाली रंगच नाहीत, त्यामुळे आता खरा किती आहे ते सांगता येणार नाही.

शिंपल्यांचं पोतं वेळेवर आलं होतं. ते दारात बुटांशेजारी ठेवलं. दोन आठवडे तिथेच होतं. येताजाता मी त्याला वळसा घालत होते. काल उघडलं. मोज्यात भरून टाकीत ठेवलं. मोजा खुम्बोचा आहे, दुसरा जुना मोजा घरात नव्हता.

इथं धुकं आणि भुरभुर आहे. संध्याकाळी टाकीसमोर बसते. आत बघायला काही नाही, वाळू, दगड आणि बुडबुडे. तरी बसते.

तुमच्या कामाला उशीर होतोय हे मला कळतं. मासे जगले पाहिजेत हेही कळतं. मी प्रयत्न करीन.

वेझी


न्खाटा बे
३ ऑगस्ट

वेझी,

मी बरा आहे, तू बरी असशील तर.

पोत्याचं मनावर घेऊ नकोस. खुम्बोच्या खाटेखाली त्याचा पाण्यात घालायचा चष्मा आहे. मी त्या खोलीत जातो, खाटेवर बसतो आणि परत येतो. वाकून खाली बघितलेलं नाही.

पाणी का अडलं ते सांगतो. ते बारीक जीव घाण खातात तेव्हा पाणी आंबट होत जातं. जड पाण्यात तो आंबटपणा मुरतो, पत्ताही लागत नाही. तुझ्या पाण्यात मुरायला काही नव्हतंच. मग पाणी इतकं आंबट झालं की खाणाऱ्यांनाच ग्लानी आली. त्यात तुमच्याकडे थंडी. मेले नाहीत ते. नुसते बसून राहिलेत. त्यांना कुणी ओरडून उपयोग नसतो, पाणी बदलावं लागतं.

शिंपले आपलं काम करतील, पण ते म्हाताऱ्या माणसांसारखे, वेळ घेतात. तोवर खायचा सोडा. एक छोटा चमचा पेल्यात विरघळव आणि रोज थोडा थोडा ओत. एकदम नाही. पीएच आठच्या जरा वर येईपर्यंत चालू ठेव आणि मग थांब. कुणी शहाणा तुला भिंतीला लावायचा चुना टाकायला सांगेल. त्याला भिंतीलाच लाव. तो चुना पाण्याला एका घटकेत कढवून सोडतो.

आणि घाईनं मासे मागू नकोस. पाणी असं चढलं की पहिल्या नळीतलं ते विष जास्त जहरी होतं. आंबट पाण्यात जे सोसलं जातं ते आपल्या तळ्यासारख्या पाण्यात जीव घेतं. पहिली पिवळी होऊ दे.

इथं एक मासा गेला. लहानातला होता. मुखियानं त्याला जागा दिली नाही. आता सहा आहेत. तुला सांगणार नव्हतो, पण मग पुढचं काही सांगितलं तर तू विश्वास ठेवला नसतास.

सासूनं कसावाचं पीठ पाठवलंय. म्हणते, झोम्बाच्या मक्याच्या पिठानं माणसाच्या पोटात काही राहत नाही. ते खा. म्हणजे तुला तिला लिहिता येईल की खाल्लं.

वायसन म्होने


झोम्बा
१७ ऑगस्ट

बाबा,

मी बरी आहे, तुम्ही बरे असाल तर.

पीएच आठच्या थोडा वर आहे. रोज चमचा ओतत होते, आता थांबवला. जडपणाच्या नळीला सहा थेंब लागतात. पहिली नळी काल फिकट हिरवी होती, आज जवळजवळ पिवळी. दुसरी गडद जांभळी झाली आहे. वर्गात मुलींच्या वहीवर शाई सांडते तसा रंग. मी ती नळी खिडकीत ठेवली आणि शाळेतून आल्यावर पुन्हा बघितली.

वाळूवर तपकिरी थर आला आहे. दगड बुळबुळीत झालेत. पंपाचा स्पंज मळून काळा पडला आहे.

कसावाच्या पिठाची घट्ट उकड, कोंडोवोले, केली. सासूबाईंना सांगा, खाल्ली.

एनेस मावशीचं पत्र आलं. ती महिनाअखेर येते आहे, बरोबर चर्चच्या बायका. दुखवटा आता उतरवायला हवा, फार दिवस झाले असं ती म्हणते. मी ठीक आहे म्हणून कळवलं. ठीक आहे म्हटलं की पत्र लवकर संपतं.

वेझी


न्खाटा बे
२२ ऑगस्ट

वेझी,

मी बरा आहे, तू बरी असशील तर. आज खरंच बरा आहे.

तुझं पत्र मी हौदापाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. माशांनी काही दाद दिली नाही, पण धक्क्यावरच्या जाळं शिवणाऱ्यांनी मान वर केली. जांभळी! आता ती फिकी पडेल आणि तिसरी रंगू लागेल. दोन आठवडे धर. ट्रक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. मी मासे पिशव्यांत भरून, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात घालून बसनं घेऊन येईन. मधे म्झुझूला आणि लिलोंग्वेला गाडी बदलायची आहे. पोटात काही नसलं तर मासे तेवढं सोसतात, म्हणून तीन दिवस आधी खाणं बंद करीन. मुखिया मला शिव्या देईल.

एकच सांगतो. टाकीला हात लावू नकोस आणि कुणाला लावू देऊ नकोस. तो तपकिरी थर, तो बुळबुळीतपणा, तो काळा स्पंज, तीच तर आपली सगळी कमाई आहे. आपल्या बायकांना मळकं काही दिसलं की हात शिवशिवतात. वाळू घेऊन भांडं असं घासतात की त्यात तोंड दिसावं. मावशी येते आहे म्हणतेस म्हणून आठवण केली. तिला सांग, टाकीत माझ्या सासऱ्याचा जीव आहे, घासलीस तर खून होईल.

वायसन म्होने


झोम्बा
३० ऑगस्ट

बाबा,

मी बरी आहे, तुम्ही बरे असाल तर.

मावशी आणि बायका आल्या आणि गेल्या. प्रार्थना झाली. माझे केस उतरवले. दुखवटा संपला असं सगळ्यांनी सांगितलं.

आज तपासलं. पहिली नळी पिवळी. दुसरी फिकी. तिसरीही फिकी. पाणी स्वच्छ आहे. मासे आणा.

वेझी


न्खाटा बे
३ सप्टेंबर

वेझी,

हे पत्र टपालानं येणार नाही. मी ते तुझ्या दारात तुझ्या हातात देणार आहे, कारण तोंडानं आपल्याला जमायचं नाही. तू ते आत जाऊन वाच, मी तोवर झाडाकडे बघतो.

तिसरी फिकी आहे म्हणालीस. तिन्ही फिक्या. पोरी, तिन्ही फिक्या म्हणजे पाणी तयार नाही. ते पाणी आज नळातून आलंय. ज्या पाण्यात काही जगलंय त्याची तिसरी नळी कोरी राहत नाही, थोडी तरी लाल होतेच. सगळं शून्य आहे असं कुणी लिहिलं तर मी समजतो की तिथं काहीच उरलेलं नाही.

मावशीनं धुतलं ना? मला ते तुझं पत्र वाचताच कळलं. तुझ्यावर मी चिडलेलो नाही. मावशीवर थोडा आहे, पण तीही काय करणार. मेलेल्या माणसाच्या घरातलं सगळं धुऊन काढायचं, हेच आपल्याला शिकवलंय. तिनं बिचारीनं मन लावून केलं असणार.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला बसच्या प्रवासाइतका वेळ लागणार आहे, म्हणून निघायच्या आधीच लिहून टाकतो.

खोक्यात माशांबरोबर एक वेगळी पिशवी आहे. तिच्यात हौदाचा स्पंज आहे, तळ्याच्या पाण्यात बुडवलेला, काळाकुट्ट. किती वर्षांचे जीव त्यात वसलेत. तो तुझ्या टाकीत पंपाला लाव, वर त्याच हौदातले दोन दगड ठेव. पाणी आठच्या वर असेल आणि जड असेल तर मासे त्याच दिवशी सोडता येतील. रोज तपास, थोडं पाणी बदल, थोडंच खायला घाल. निभेल.

तू शिक्षिका आहेस, तुझ्या लक्षात आलंच असेल. हा स्पंज मला जूनमध्येच पाठवता आला असता. ओल्या पोत्यात गुंडाळून, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून. तुझं पाणी आठवड्यात तयार झालं असतं. उसिपा कुजवायची गरज नव्हती, नळ्या बघत बसायची गरज नव्हती. मी पाठवला नाही. माती दिली त्या दिवशी मी आंब्याकडे तोंड करून उभा होतो तरी तुझ्याकडे बघत होतो. तू कुणाचंच काही ऐकत नव्हतीस. उठ म्हटलं की उठायचीस, बस म्हटलं की बसायचीस. मला वाटलं, हिला रोज सकाळी बघायला काहीतरी हवं, आणि ते लवकर संपता कामा नये. मासे हे निमित्त. सगळे मासे मेले असते तरी मी तुला ते जिवंत आहेत असंच लिहीत राहिलो असतो. मेले नाहीत ही त्यांची कृपा.

मी परसातल्या स्वयंपाकाच्या झोपडीत झोपेन. कुणाला वावगं वाटायला नको. माझी काळजी करू नकोस, मी आयुष्यभर याहून ओल्या जागी झोपलोय.

वायसन म्होने


झोम्बा
११ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही परसात आहात आणि मी टेबलाशी. इथून तुमची टोपी दिसते. तरी लिहिते आहे.

तुम्ही आलात त्या दिवसाबद्दल काही लिहायचं राहिलं. तुम्ही खोकं ओट्यावर ठेवलंत आणि पेरूच्या झाडाकडे वळलात. मी पत्र वाचलं. मग आपण पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, तुम्ही माझ्याकडे पाठ करून बोटानं दाखवत होतात आणि मी तसं करत होते. पेल्यानं टाकीतलं पाणी पिशवीत, थांबायचं, पुन्हा पेला. एक मासा वाटेतच मेला होता. तो तुम्ही पेरूखाली पुरलात. तुम्हाला वाटलं असेल मी आत आहे. मी खिडकीत होते. तुम्ही टोपी काढलीत.

आता टाकीचं. तुमचं पत्र मावशी यायच्या आदल्या दिवशी आलं होतं. मी वाचलं होतं. ते टेबलावर होतं. मावशीनं विचारलं, ही घाण कशाची, मासा तर एक नाही. बायकांनी वाळू काढली, दगड राखेनं घासले, स्पंज साबणात पिळला. काळं पाणी अंगणभर वाहिलं. मी दारात उभी होते, डोक्यावरचे केस नुकतेच गेले होते, थंडी वाजत होती. मला 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द मला येत होता. मी म्हटला नाही. त्या गेल्यावर मी वाळू परत घातली, शिंपले घातले, सोडा घातला, पीएच आणि जडपणा पूर्वीसारखा केला. तेवढं माझ्या हातात होतं. आणि मग तुम्हाला तिन्ही फिक्या म्हणून लिहिलं. ते खरंच होतं. मला वाटलं तुमच्या लक्षात येणार नाही. मला वाटलं येईल.

तुमच्या स्पंजबद्दल वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. तुम्ही लिहिलंत की मासे हे निमित्त होतं, माझ्यासाठी. बाबा, मला माशांचं काहीच नव्हतं. मी ते तुमच्यासाठी करत होते. मला वाटलं, यांचा मुलगा गेला, त्यानं शेवटी हातात दिलेलं एवढंच यांच्याकडे उरलंय, हे बुडता कामा नये. म्हणून नळ्या बघत होते. तुम्ही माझ्यासाठी विचारत होतात आणि मी तुमच्यासाठी उत्तर देत होते. टाकीत तेव्हा एक कुजलेला उसिपा सोडून काही नव्हतं.

आज सकाळी तपासलं. पीएच तसाच, सहा थेंब तसेच. पहिली नळी पिवळी. दुसरी फिकी. तिसरी नारिंगी झाली आहे. लाल नाही, पण नारिंगी.

नळी हातात होती तेव्हा तुमचा मुखिया दगडामागून बाहेर आला. आल्यापासून तो लपून होता. दगडावरचं शेवाळ खायला लागला, डोकं आपटून आपटून, जसं खुम्बो सांगायचा ना की ते खाली खडकावर खातात, टकटक ऐकू येतं म्हणून. काचेला कान लावला तर खरंच ऐकू येतं. मी ते दाखवायला मागे वळले. म्हणजे मी 'बघ' म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, आणि मागे वळले.

मागे बूट होते.

मग मी खाली बसले. शाळेची घंटा झाली, मी गेले नाही. मिसेस गोंडवेंनी दार वाजवलं, मी उघडलं नाही. माती देताना सगळे रडत होते आणि मला आपलं काही येत नव्हतं. आज ते सगळं आलं आणि थांबत नाहीये, या कागदावर दिसतच असेल.

प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते मी या वेळी लिहिलं नाही. मी बरी नाही, बाबा. तुम्ही बरे असलात तरी.

वेझी


परस
त्याच दिवशी

पोरी,

तू बरी नाहीस, तर मीही नाही.

चहा झालाय. कप दोन आहेत, एकाचा कान तुटलाय, तो मी घेतो. झाडाकडेच बघायचं असेल तर दोघंही झाडाकडे बघत बसू. पण बाहेर ये.

वायसन